काडीमोड

चॅपलच्या हॉलमध्ये कार्डिफचा तरुण पडद्यावर
दोन रेषा दाखवतो.
कमाईची वर चढलेली,
धुराची खाली उतरलेली.
"यांचा केव्हाच काडीमोड झालाय," म्हणतो.

मागच्या रांगेत ग्वेन्लियन, पर्स मांडीवर.
चाळीस वर्षं तिनं वारा बघून धुणं वाळत घातलं;
भट्टीकडचा असला की चादरींवर लाल भुकटी.
आता भट्टी थंड. चादरी पांढऱ्याफेक.
एम्रिसची रात्रपाळी नाही, डबा नाही.
मुलगा गोदामात आलेली खोकी फोडतो.

चहा झाल्यावर ती रिकामी किटली उलटी करते,
चष्मा कपाळावर सारून बुडावरचं गाव वाचते:
तांगशान.

म्हणजे नांदतोय अजून. दुसऱ्या घरी.

तिथंही कुणीतरी अंगणात उभी असेल,
ओली चादर हातात,
वारा कुठून येतोय
बघत.