पाऊण किलो

ह्यांच्या लेखी विजेला युनिट नसतं,
वजन असतं.
एका युनिटला पाऊण किलो कोळसा.
कोराडीच्या बॉयलरपाशी सत्तावीस वर्षं काढलेला माणूस
घरातही तराजू घेऊनच वावरतो.

"मोनाली, काय करून राहिली तू आत?
किलोभर गेला तुझ्या आंघोळीपायी."
आतून नळ आणखी मोठा होतो.

डिसेंबर लागला की बाल्कनीतला कूलर
ताडपत्री पांघरून बसतो,
लग्नात न बोलावलेल्या काकासारखा.
आत्ता वाचवलं तर मे महिन्यात
तो निवांत पाणी पिईल, हे म्हणतात.
म्हणून कॅलेंडरवर, दुधाच्या आकड्याखाली,
रोजचे युनिट.
तीन. साडेतीन. एकादशीला पावणेतीन.
एका रविवारी पाच,
आणि पुढे एक उद्गारचिन्ह, ह्यांच्या हातचं.

शंभराची वेस ओलांडायची नाही.
पलीकडे दर दुपटीच्या वर.
इस्त्री आठवड्यातून एकदा,
फ्रीजचा काटा एकवर,
आणि थंडी वाजते म्हटलं
तर "मोजे घाल."

बारापात्रे वहिनींकडे हीटर आहे,
लाल तारेचा.
मी लोकरीचा गुंडा घेऊन जाते,
टाके चुकवते, उसवते, पुन्हा घालते.
स्वेटर दोन वर्षं झाली, कोपरापर्यंतच आलाय.

बिल आलं की हे चष्मा पुसून वाचतात.
स्थिर आकार. वहन आकार. वीज शुल्क.
इंधन समायोजन आकार.
तिथे बोट थांबतं.
"हा आमच्याकडचा," म्हणतात,
जसं कुणी लग्नाच्या फोटोत
मागच्या रांगेतला आपला माणूस दाखवावा.

जानेवारीत पारा सातवर उतरला.
ह्यांची रात्रपाळी.
तिथे आत सदरा अंगाला चिकटतो,
आग अशी की काचेतून बघावी लागते.
आणि सकाळी तोच माणूस
स्कूटरवर कोराडी ते मानकापूर,
धुक्यात, कानाला मफलर,
हातमोजे मोनालीने कॉलेजला नेलेले.
घराशी येतो तेव्हा
बोटांना फाटकाची कडी निघत नाही.

सगळ्या नागपूरला ऊब पुरवून आलेला माणूस
दारात कुडकुडत उभा.

म्हणून मी.
स्कूटर वळणावर यायच्या अंदाजाने
दहा मिनिटं गिझर.
लाल दिवा दिसू नये म्हणून
त्यावर टॉवेल.
पाणी बादलीत काढून बटण बंद,
आणि विचारलंच तर,
"गॅसवर तापवलं."
हे बादलीत दोन्ही हात मनगटापर्यंत बुडवून
बसून राहतात.
काही विचारत नाहीत.
कितीचं, तेही नाही.

बारा रात्रपाळ्या अशाच गेल्या.

संक्रांतीनंतर बिल आलं.
ह्यांची बोटं अजून फुटलेली, मलम लावलेलं.
"माझ्या फोनवरून भरून टाक," म्हणाले.
नव्या मीटरचं ते ॲप मी पहिल्यांदाच उघडलं.
अर्ध्या अर्ध्या तासाचे निळे खांब,
रात्रभर बुटके, झोपलेले,
आणि सकाळी साडेसहाला
एकच ताठ उभा.
दुसऱ्या दिवशीही.
तिसऱ्या दिवशीही.
बारा दिवस.
वर लिहिलेलं: शेवटचं पाहिलं, आज, ६.४१.

म्हणजे हे तिथूनच बघत होते.
पाळी संपताना, हेल्मेट घालायच्या आधी,
आपल्याच घरात
आपल्यासाठी तापत असलेलं पाणी.

मी मान वर केली नाही.
ह्यांनी तिळाचा लाडू मोडून
अर्धा माझ्या बशीत सरकवला.
"एकशे चार," मी म्हटलं.
"चार वर गेले."

"धुक्याने होतं असं कधीकधी,"
सत्तावीस वर्षं वीज बनवणारा माणूस म्हणाला,
आणि कॅलेंडरचं पान उलटायला उठला.

तीन किलो,
मी मनातल्या मनात वजन केलं.