अंदाजपत्रकातली सातवी ओळ

लीड्स, फेब्रुवारी. टेबलावर पाण्याचा जग,
प्लेटभर बिस्किटं, कुणीच हात न लावलेली.
माझ्यापुढे पाटी: सार्वजनिक सदस्य.
नाव त्याखाली, बारीक अक्षरात. यूलाली फॉन्टेन.

चॅपलटाउनमध्ये माझं सलून आहे, खुर्च्या तीन.
एकतीस वर्षं वेण्या घालते,
केसांच्या मुळांशी बोटं नेते,
आणि तिथे जे कळतं
ते कुठल्याच रकान्यात बसत नाही.

अर्ज क्रमांक चौदा. डॉक्टर टेमिलादे ओयेलारन.
ती विचारते आहे: आमच्या बायका उशिरा का पोचतात,
की पोचतात वेळेवर
आणि ऐकल्या जातात उशिरा?
दोन लाख ऐंशी हजार पौंड. तीन वर्षं.

दहा माणसं पानं उलटतात.
"नमुना फार लहान आहे," एक म्हणतो.

लहानच.
वर्लिन तर एकटीच होती.
सदतिसावं वर्ष, काखेत वाटाण्याएवढी गाठ.
पहिल्यांदा सांगितलं, दुधाची असेल, मूल लहान आहे.
दुसऱ्यांदा, वजन उचलू नका.
तिसऱ्यांदा ती डॉक्टरकडे गेलीच नाही, माझ्या खुर्चीत बसली,
म्हणाली, तू बघ ना गं, तुझ्या हातांना कळतं.
मी हात पुसले. बघितलं.
पोटात गोळा आला.

ऑपरेशननंतर दवाखान्यानं दिला
ब्रामध्ये घालायचा मऊ कापडी उभार.
पाकिटावर छापलेलं: त्वचेचा रंग.
कुणाच्या?
सलूनच्या मागच्या बेसिनमध्ये आम्ही
पाच टी-बॅगांचा कडक चहा केला
आणि रात्रभर त्यात तो बुडवून ठेवला.
सकाळी बघतो तर निम्मा तपकिरी, निम्मा नुसता डागाळलेला.
वर्लिन इतकी हसली,
की टाक्यांवर हात दाबून खालीच बसली.

या वसंतात ती पन्नास वर्षांची झाली असती.
तपासणीचं पहिलं पत्र पन्नाशीनंतरच येतं.

हे सगळं मी बोलले? छे.
मला दोन मिनिटं होती, तीही शेवटची,
बाहेर कुणाची तरी टॅक्सी थांबलेली.
मी फक्त चहाचं सांगितलं.
अध्यक्षबाईंनी चष्मा काढला.
कुणीतरी बिस्किट उचललं.

अर्ज मंजूर झाला.
थांबा, टाळ्या नकोत.
मंजूर झाला सातवी ओळ खोडून:
सलूनवाल्यांचा वेळ, अठरा हजार.
शेरा असा, की हे काम त्या आपुलकीनं करतीलच.

करूच. करतोच आहोत.
एकतीस वर्षांच्या पदरमोडीला
आपुलकी म्हणायचं ठरलंय तर.
संगणकाला पैसे, सल्लागाराला पैसे,
परिषदेला जायच्या विमानाला पैसे,
आणि ज्या बोटांना गाठ लागायची
त्यांची बोळवण आभाराच्या पत्रावर.

मी हात वर केला. नोंद घ्या, म्हटलं.
कशाची?
माझ्या दराची.
एका डोक्याचे ऐंशी पौंड घेते, चार तास लागतात.
त्या चार तासांत बाई जे सांगते
ते तुमच्या प्रश्नावलीला जन्मात सांगायची नाही.
"नोंद घेतली," लेखनिक म्हणाला,
आणि नावाचं स्पेलिंग विचारलं.
सकाळपासून पहिल्यांदा.

निघताना एक फॉर्म दिला, प्रवासखर्चाचा.
बस: चार पौंड.
बुडालेल्या कामाला रकाना नव्हता.
मी समासात लिहिलं, दोन गिऱ्हाइकं.

संध्याकाळी दुकान उघडलं.
ओयेलारनचा फोन आला: सातवी ओळ परत मागते आहे.
किती दिवस लागतील?
ठाऊक नाही, म्हणाली.

खुर्चीत मर्व्हा, शाळेच्या स्वयंपाकघरातली,
अर्धं डोकं विंचरलेलं, अर्धं मोकळं.
आरशात माझ्याकडे न बघता म्हणाली,
यूला, एक विचारू?

मी कंगवा खाली ठेवला.
दार लावून घेतलं.