स्रोत क्रमांक चार

शनिवारी सकाळी, सालमियाच्या शाळेत
आम्ही सतरा जण. इतिहासाचे, नागरिकशास्त्राचे,
दोघे भूगोलाचे, चुकून आलेले.
गळ्यात नावाच्या पट्ट्या.
बाहेर सेहेचाळीस अंश, आणि आत एसी इतका
की वर्की सरांनी पिशवीतून मफलर काढला.

प्रशिक्षक झरीन रिझवी, लखनऊच्या, वय असेल बत्तीस.
म्हणाल्या, पुस्तकं मिटा.
सनावळ्या मुलांना फोनही सांगतो.
तुम्ही त्यांना विचारायला शिकवा :
हे कोण बोलतंय? कधी बोलतंय?
आणि कुणाला ऐकवण्यासाठी?
मी वहीत उतरवून घेतलं.
वीस वर्षं मुलांकडून तहांची कलमं घोकून घेतली मी.
जरा लाज वाटली. जरा रागही आला.

मग कागद वाटले. आमच्या गटाला क्रमांक चार :
‘ऑगस्ट १९९०. कुवेत सोडून निघालेल्या
नऊ वर्षांच्या मुलीची, बऱ्याच वर्षांनी घेतलेली मुलाखत.’
खाली चौकटी. विश्वासार्ह. अंशतः. नाही.
कारण द्या, दोन ओळींत.

धाकट्या श्रीवल्लीनं ‘अंशतः’वर पेन्सिलीनं खूण केली.
म्हणाली, लहान मूल ते,
त्याला भूक आठवेल, भीती आठवेल,
तपशील कुठून आठवणार?
बरोबर बोलली. मी तपासलं असतं
तर पैकीच्या पैकी दिले असते.

मी तेव्हा नऊ वर्षांची होते.
हे त्या टेबलावर कुणाला ठाऊक नव्हतं,
नोकरीच्या अर्जात तसा रकानाच नव्हता.
अब्बा शुवैखच्या बंदरात क्रेनवर होते.
निघताना मांनं शिवणयंत्राचं नुसतं चाक काढून घेतलं.
म्हणाली, यंत्र नेतील मेले, चालवतील कसं?
ते चाक अजून दाभोळला आहे,
पापडांच्या डब्यावर वजन म्हणून.
बस पिवळी होती. खिडकीला झालरीचे पडदे.
पुढं तंबूत पाणी मिळायचं
ते बाटलीच्या बुचानं मोजून.

चहाच्या सुट्टीत, समोसा तसाच हातात,
दाभोळला भावाला फोन लावला.
यासीन, बस कुठल्या रंगाची होती?
कुठली बस?
आपण निघालो ती.
जरा वेळ नुसता त्याच्याकडचा पंखा ऐकू आला.
निळी, म्हणाला. आणि बस बसऱ्यापासून.
तिथवर ट्रक होता.
तू झोपली होतीस माझ्या मांडीवर.
पाय बधिर झालेला माझा.

मांला विचारावं तर मां नाही.
अब्बा होते तोवर, विषय निघाला
की रेडिओचा आवाज वाढवायचे.

परत बसलो. रिझवी मॅडम आल्या,
चार नंबर, काय ठरलं?
सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं, वयानं मोठी म्हणून.
‘अंशतः,’ मी म्हटलं.
कारण?
‘साक्षीदार वाटेत झोपली होती.’
टेबल हसलं. त्या हसल्या नाहीत.
पुढं? म्हणाल्या.
‘आणि जो जागा होता, त्याला
स्वतःच्या पायाखेरीज काही सुचत नव्हतं.’

संध्याकाळी प्रमाणपत्र, सहा तासांचं.
मेहरुन्निसा परकारची ‘पारेकर’ झालेली.
बदलून देतो म्हणाले. म्हटलं, असू दे,
शंभर वर्षांनी कुणाला तरी काम नको का?

रविवारी पहिला तास, आठवी ब.
धडा उघडलाच नाही.
फळ्यावर लिहिलं : पिवळी.
त्याखाली : निळी.
मुलं कधी फळ्याकडं बघत, कधी माझ्याकडं.
मागच्या बाकावरून फरहीननं हात वर केला,
मिस, परीक्षेत यातलं कुठलं लिहायचं?

मी मार्करला टोपण लावलं
आणि खुर्ची पुढं ओढून
बसले.
तासाला मी कधी बसत नाही.