उधारीची वही

गेटवर वॉचमन म्हणाला, "आत नाव न्हाई तुजं."
नाव कसं नसंल?
अकरा वर्षं ह्याच फौंड्रीत साचे भरले,
वाळूचा काळा अजून नखांत आहे,
दगडानं घासला तरी.

नोटीस नाही, चौकशी नाही, महिन्याचा पगारही नाही.
काचेमागचा पोरगा मान वर न करता म्हणाला,
"तुम्ही कॉन्ट्रॅक्टरचे. आणि वर्षात
दोनशे चाळीस दिवस भरल्याचा पुरावा काय?"

माणगावे वकीलबाईंनीही तेच विचारलं,
पण आधी खुर्ची दिली.
"काढता येतं हो माणसाला.
पण कारण सांगावं लागतं, त्याचं ऐकावं लागतं,
हिशोब चुकता करावा लागतो.
कागद आणा कसला तरी."

कागद कंपनीच्या कपाटात. किल्ली त्यांच्या कमरेला.

शिरोलीच्या नाक्यावर शौकत बागवानानं
स्टोव्ह बारीक केला, पोत्याखालनं वही काढली.
तेलकट पानं, वर तारखा:
खोत, च्या दोन.
खोत, च्या एक, खारी.
जोतिबाच्या यात्रेला खाडा. रविवार कोरे.
बोटाला थुंकी लावत दोघांनी मोजले,
मध्ये गिऱ्हाईक आलं, चुकलो, परत पहिल्यापासून:
दोनशे त्र्याऐंशी.

"ने वही," शौकत म्हणाला,
"पण नऊशे चाळीस बाकी हाईत,
तेवढं पान जज्जाला दावू नगंस."

मग त्यानं नवी वही उघडली,
आजची तारीख घातली: खोत, च्या एक.

मी म्हणालो, शौकत,
हा दिवस भरलेल्यात धरू नको.