रकाना नऊ

योजना खुल्या जाळ्याची,
आणि अर्जात निर्मात्याच्या नावाला रकाना एकच.
तोही एवढासा, की त्यात नुसतं फैजपूर लिहायचं
तरी वेलांट्या मुडपून बसवाव्या लागतील.

मे महिना. यावलच्या बाजारपेठेत
भांड्यांच्या दुकानावरची माझी खोली, वर पत्रा.
पंखा संगणकाकडे, ओलं फडकं माझ्या मानेवर.
मी लीलाधर वायकोळे, केबलवाला,
अठ्ठ्याण्णव सालापासून
गावाच्या मालिका, मॅची आणि बिलावरच्या शिव्या
खांबाखांबावरून वाहून नेणारा.

साहेब, रकाना नऊमध्ये कुणाला लिहू?
रेडिओ एकाचा, तो पुण्याहून आला.
खोकं दुसऱ्याचं, बंगळूरचं.
आतलं सॉफ्टवेअर तिसऱ्याचं, त्याला गावच नाही.
वरचा कंस गफूर मिस्तरीने ठोकलाय
मोडक्या वखराच्या पासेतून,
त्याची पावती नाही.

पूर्वी मोठ्या कंपनीचा माणूस यायचा,
सावलीत गाडी चालू ठेवूनच बोलायचा:
डबा आमचा घ्याल तर तारही आमची,
तार आमची तर स्क्रूही आमचा,
आणि स्क्रू पिळणारा नाशिकहून येईल,
बहुतेक पुढच्या महिन्यात.
मी चहा पाजून वाटेला लावायचो.
जामपाणीच्या पाड्यावर चाळीस घरं,
चाळीस घरांसाठी एवढा हुंडा कोण देणार?

आता सरकार म्हणतं साठ टक्के आम्ही, चाळीस तुम्ही,
माल कुणाचाही आणा, एकमेकांशी बोलला पाहिजे.
मला हसू आलं.
आमच्याकडं शेतात भरिताचा बेत ठरतो
तेव्हा वांगी बामणोदची, मिरच्या कुणाच्या, तेल कुणाचं,
बडगी मात्र शेजारची, परत न केलेली.
कंपनी कोणती म्हणून घास अडवलाय का कुणी?

पण बोलला पाहिजे, ही अट खरी निघाली.
तीन रात्री रेडिओ आणि खोकं
मानपानावरून रुसलेल्या व्याह्यांसारखे
पाठीला पाठ लावून बसले.
हुरमत तडवी, पॉलिटेक्निकची पोरगी,
मांडीवर लॅपटॉप, लॅपटॉपवर पाखरं,
तिसऱ्या पहाटे म्हणाली, भाऊ, घड्याळं जुळत नाहीत.
किती मागं आहे?
सेकंदाचे दहा लाख तुकडे करा, त्यातले दोन-तीन.
मी मनगटावरचं पाहिलं. ते सात मिनिटं पुढं,
आणि त्यावर माझं आयुष्य नीट चाललंय.
वेळ आकाशातून घेणारी वाटी
गफूरने चिंचेखाली बसवली होती, तिला ऊन लागू नये म्हणून.
हुरमतने ती उघड्यावर नेली.
दिवा हिरवा झाला. कुणी काही बोललं नाही.
गफूर चिंचेकडं बघत राहिला.

जामपाणीत तोवर अशी रीत होती:
धान्य खाली दुकानात, अंगठा वर टेकडीवर.
रेशनचं यंत्र छातीशी धरून सायसिंग बारेला पुढं,
मागून म्हाताऱ्या, लेकुरवाळ्या, काठ्या टेकत,
वर रेंजची एक काडी सापडली
की ओळीने अंगठे.
त्या सोमवारी यंत्र खालीच वाजलं,
पोत्यांच्या शेजारी.
तरी तिघीजणी टेकडी चढून गेल्याच.
रुकली म्हणाली, खालचा अंगठा चालेल,
पण सरकारला कळेल का?

सरकारला अजून कळलेलं नाही, साहेब.
पहिला हप्ता आला, तो खांबात गेला.
दुसऱ्याच्या फायलीवर लाल शेरा:
रकाना नऊ अपूर्ण.
काल जळगावहून तुमच्या कार्यालयातून फोन आला,
बाई सौम्य होत्या, म्हणाल्या,
निर्माता कोण ते एका शब्दात सांगा, मी इथं भरते.
मी श्वास घेतला, पुण्यापासून सुरुवात केली,
वखराच्या पासेपर्यंत आलो
आणि आवाज तुटला.

माझ्या बाजूचा दिवा हिरवाच होता.
मी पुरवणी पान जोडलंय. पाठपोट लिहिलंय.