पेल्यांची अठ्ठी

मोरकॅम्बच्या हॉस्पिसच्या दुकानात, मागच्या खोलीत,
इस्त्रीची वाफ आणि परक्या कोटांचा वास,
माझं काम मोजायचं.
जिगसॉचे तुकडे, चमचे, पत्ते.
एक जरी कमी निघालं तर डोरीन म्हणते, बिनमध्ये.

मंगळवारी एक मुलगा
(मुलगा कसला, पन्नाशी उलटलेला)
खोकं ठेवून गेला. आईचं आहे, म्हणाला.
आत टॅरोचे सहा कॅट, रबरबँड चिकटून बसलेले.

पत्ते म्हणजे मला मेंढीकोट,
मिरजेच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वीज गेली की
कंदिलाशी बसून हुकूम लपवणारे गोखलेकाका.
इथे बदाम नाही, किलवर नाही,
पेले, तलवारी, काठ्या, मोहरा.
राजा-राणी तेवढे ओळखीचे.

मोजता मोजता बोटांनाच कळलं,
दर कॅटात एक पत्ता मऊ पडलाय,
खिशात धुऊन निघालेल्या नोटेसारखा.
पेल्यांची अठ्ठी.
काढून ओळीनं मांडल्या.

पहिलीत लाल अंगरख्याचा माणूस, पाठमोरा,
काठी टेकत डोंगराकडे निघालेला.
पेले नीट रचलेले, वरच्या रांगेत एकाची फट.
चंद्र खाली बघतोय, पण डोळे मिटून,
सोसायटीतल्या बायका बघायच्या तसा.

दुसरी जुन्या वळणाची. माणूसच नाही.
आठ पेले आणि मधून फिरलेली वेल.
कुणी गेलेलंच नाही, किंवा
इतकं पुरतं गेलंय की चित्रकारालाही सापडलं नाही.

तिसरा मांजरांचा कॅट. हसू नका,
आठ बशा दूध, सात चाटूनपुसून,
आणि शेपटी ताठ करून चाललेली बया.
आठवीतलं का टाकलं, तिचं तिला माहीत.

चौथीत नुसती शाई. ओली वाळू, पावलं,
आणि ती कुठल्या बाजूला चाललीत ते कळत नाही.
भरती-ओहोटीच्या या गावात
तेवढं एक कळायला हवं.

मराठीत पाठ म्हणजे किती काय.
पाठचा भाऊ, पाठराखण, पाठवणी.
विसरू नये म्हणून करतो, तेही पाठच.

पाचवी हातात घेतली आणि थांबले.
हिच्यात चेहरा आहे.
चित्रकार आधीच डोंगरावर जाऊन बसलेला,
बाई त्याच्याकडे चढत येतेय, चपला हातात,
पेले मागे, बोंडाएवढे.
दुःखी म्हणावी तर तशी नाही.
गॅस बंद केला होता का
हे आठवत असावी, इतकंच.

श्रीधर गेला त्या सकाळी मी भांडी विसळत होते.
त्यानं पाठ फिरवली, असं मी
सतरा वर्षं सगळ्यांना सांगत आले, फोनवर, पत्रांतून.
पण सिंककडे तोंड माझं होतं.
दारातून त्याला दिसली असेल ती माझी पाठ,
गाऊनचा लोंबणारा पट्टा,
आणि ओट्यावर पालथे घातलेले पेले.
किती, ते माहीत नाही.
तेव्हा मोजायचं काम नव्हतं.

सहावा कॅट सत्त्याहत्तर भरला.
मला वाटलं, तीच गेली असणार.
नाही. हरवली होती काठ्यांची दुर्री,
जिच्याबद्दल मला काहीच वाटत नाही.
अठ्ठी जागेवर होती, सगळ्यांत झिजलेली,
आणि त्या जाणाऱ्याच्या डोक्यावर, आभाळात,
पेन्सिलीनं बारीक:
दूध, बल्ब, केव्हिनला फोन.

केव्हिन म्हणजे तोच असेल, खोकंवाला.
दारापर्यंत जाऊन पाहिलं.
बसस्टॉपवर कुणी नव्हतं, मंगळवार होऊन दोन दिवस झाले होते.

पाच कॅटांवर किमतीचे स्टिकर लावले.
सहावा बिनमध्ये, डोरीनसमोर, नियमानं.
शहात्तर पत्ते.

रात्री त्या पत्त्याखाली दूध लिहिलं होतं म्हणून दूध आणलं.
झोपताना उठून दोनदा पाहिलं,
गॅस बंद होता.