इतर हक्क

रावेर तहसीलच्या फाटकाशी, झेरॉक्सच्या टपरीला लागून
माझं टेबल. एक पाय विटेवर.
वारस नोंद, उत्पन्नाचा दाखला, बांधावरून झालेली डोकेफोड,
एकवीस वर्षांत सगळं लिहिलं.
अस्वल पहिल्यांदाच.

द्वारकाबाई फिरके. वय साठच्या वर.
वावर पालच्या रस्त्याला, सातपुडा उतरून संपतो तिथे.
कांदेबाग निसवायला आलेली.
स्टुलावर टेकत म्हणाल्या,
"लिव भाऊ, अस्वल घेऊन जा म्हना त्यायले."

मी लिहिलं : विषय –
खाजगी मालकीच्या जमिनीतून उपद्रवी अस्वल हटविणेबाबत.
"उपद्रवी खोड," त्या म्हणाल्या.
"उपद्रव माह्या दिराचा. हे नुसतं येतं."

येतं म्हणजे, ठिबकच्या नळ्या चावतं,
थेंबथेंब पाण्यासाठी अख्खी रांग उसवतं.
नागपंचमीला जिथे त्या हळद वाहतात
ते बांधावरचं वारूळ त्याने रात्रीत फोडलं,
तोंड खुपसून उधई ओढली,
पंप सुरू व्हावा तसा आवाज.
आणि पाठीवर पिल्लू.
म्हणून केळीची पिलं कापायला
आठ दिवस एक मजूर येत नाही.

रुबाब तडवी, वनरक्षक, चहाला थांबलेला.
कायदा त्याला पाठ, जशी कोणाला आरती.
"कलम अकरा," बशीत फुंकर मारत म्हणाला,
"अस्वल अनुसूची एकमधलं, मावशी.
पीक नासलं म्हणून त्याला हात लावता येत नाही.
माणसाच्या जिवावर उठलेलं पाहिजे,
नाहीतर न बरं होणाऱ्या दुखण्याने खंगलेलं.
तेही वरच्या साहेबांनी नागपुरातून ठरवायचं,
लेखी, कारणं देऊन.
पिंजरा, भुलीची सुई, दुसरं जंगल,
यातलं काहीच जमत नाही हे पटलं
तरच बंदूक."

"अन् अंगावर आलं तं?"

"जीव वाचवताना मेलं तर गुन्हा नाही.
पण मेलेलं अस्वल सरकारचं. नखासकट."

"अन् जितं?"

रुबाबने बशी खाली ठेवली.
एवढंच त्याला पाठ नव्हतं.

मी सातबारा उलगडला. गट नंबर दोनशे सतरा.
भोगवटादार : मयत नवऱ्याचं नाव, त्याला कंस,
खाली द्वारकाबाई.
सोसायटीचा बोजा. विहिरीत चार आणे हिस्सा.
बाजूला एक अरुंद रकाना, इतर हक्क.

त्यांनी बोट ठेवलं. बोटाला केळीच्या चिकाचा काळा डाग,
जो कुठल्याच साबणाने जात नाही.
"इथं माह्या नणंदेचं नाव हाये. तीस वर्सं.
ते बी अशीच येते, आंब्याच्या दिवसात,
लेकरू घेऊन.
दोन रोज ऱ्हाते, वावर पाह्यते, जाते.
तिले हटवा म्हनून कोनी अर्ज नाही केला."

काय बोलणार?
तलाठी असल्या नोंदी घेत नाही.

शेवटी मी नवा कागद घेतला.
विषय – पीक नुकसानीचा पंचनामा होणेबाबत.
तीन दिवसांत कळवावं लागतं, दुसरा दिवस चालू होता.
नळ्यांचं नियमात काही नाही, रुबाब म्हणाला,
तरी मी नळ्या लिहिल्या, मीटरमध्ये.
"हटविणे" हा शब्द कुठेच आला नाही.
वारूळ कोणत्या पिकात धरायचं ते कळेना,
म्हणून ते राहिलं.

अंगठा नको म्हणाल्या, सही केली,
द्वारका, मग बराच वेळ थांबून, फिरके.

"एक पोच माह्यापाशी ऱ्हाऊ दे. दाखवाले."

"कोणाला?"

पालची एसटी लागली होती.
त्यांनी कागद चौघडी करून पोलक्यात खोचला
आणि पैसे विटेवर ठेवून
घाईने गेल्या.